चाराच्या डोक्यावरची टोपी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायको जाण्याआधी तिच्या उशाशी बसून दोन-तीन गोष्टी कबूल केल्या, माणूस करतो तशा. ही केली नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही. देवाला ठाऊकच आहे, मग तोंड कशाला उघडायचं, असं मनाला सांगितलं. बघा, सुरुवातीलाच पळवाट काढली. सवयच तशी आहे.

आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. राग कोणाचा म्हणाल तर — थांबा, येतो तिथे. घाई करू नका. तीस वर्षं दाबून ठेवलेलं एका ओळीत निघत नसतं.

मी चौथी पास. बिदरच्या बाजूचं गाव, एकच गुरुजी, दोन भिंतींची शाळा. चौदाव्या वर्षी हैदराबादला आलो, अंबरपेठेत मामाकडे राहिलो, आणि लेथ मशीनसमोर उभा राहिलो तो केस पांढरे होईपर्यंत. पण कारखान्यात डिप्लोमावाले येऊन मला विचारायचे, ‘नानाभाई, जरा देखो तो.’ मी बघायचो. कातलेल्या जॉबवरून बोट फिरवून सांगायचो, इथे केसाएवढं जास्त आहे. मग ते मायक्रोमीटर लावायचे आणि तेवढंच जास्त निघायचं. अशा माणसाला चौथी पास कोण म्हणेल? कोणी म्हणत नव्हतं. मी म्हणूच देत नव्हतो.

साइन हा शब्द मी शाळेत नाही, टूलरूममध्ये शिकलो. तिथे साइन बार नावाची एक पोलादी पट्टी असते, दोन टोकांना दोन रूळ. एका रुळाखाली ठरलेल्या उंचीचे ठोकळे ठेवले की पट्टी हवी तेवढी तिरपी होते. किती अंशाला किती उंची, त्याचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलेला. तो बघून बघून मला पाठ झाला होता. साइन म्हणजे माझ्यासाठी ठोकळ्याची उंची, बस. आणि ठोकळा कधी मायनस असतो का? मायनस ठोकळा कोणी टेबलावर ठेवून दाखवावा!

अंशाची खूण तुम्हाला माहीत असेल. आकड्याच्या डोक्यावर, उजवीकडे, छोटा गोल. त्याला आमच्या शॉपमध्ये सगळे टोपी म्हणायचे. ‘पंद्रा टोपी काटो मियाँ, सोला नक्को,’ असं मिस्त्री ओरडायचा. कधी ड्रॉइंगवर टोपी घालायची राहून जायची, तरी आम्ही समजून घ्यायचो. कोन म्हटला की अंश, दुसरं काय असणार? सगळी हयात मी टोपी नसलेल्या आकड्याला मनातल्या मनात टोपी घालत आलो. त्यात काही चूक नव्हती. तिथवर नव्हती.

आता यंदाची गोष्ट. मी माझ्या मुलीकडेच राहतो, सुलभाकडे. म्हणजे घर माझंच, अंबरपेठेतलं, पण चालवते ती. जावई बिदरकडचे, कानडी शाळेत शिकलेले, कंप्युटरमधले, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. नात ऋचा इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे तुमच्या अकरावीला. मराठी बोलते, वाचताना मात्र अडखळते. दुकानाची पाटी वाचायला तिला मिनिट लागतं. तर ही ऋचा रविवारी सकाळी पुस्तक आणि मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली.

‘नाना, साइन चार प्लस का मायनस? मोबाइल प्लस बोलतोय, पुस्तक मायनस बोलतंय.’

आयुष्यात ज्या प्रश्नाची भीती वाटावी असा एकच प्रश्न होता, आणि तो पोरीने चहाच्या बशीशेजारी आणून ठेवला. सुलभा तिथेच मेथी निवडत बसली होती. मान वर केली नाही तिने. म्हणाली, ‘नानांना विचार ना. टोपी घालण्यात त्यांचा हात कोण धरणार?’

ऋचा हसली. तिला वाटलं आई गंमत करतेय. मग मोबाइलमध्ये कुठेसं दाबून स्वतःच ओरडली, ‘हौ! हे डिग्रीत होतं!’ आणि उड्या मारत आत गेली. सुलभा मेथी निवडत राहिली. मी बशीत बघत राहिलो. चहावर साय धरली.

तीस वर्षं मी समजत होतो की कोणाला ठाऊक नाही. आणि माझ्या घरात, माझ्या ताटात वाढणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तर ऐका.

सुलभा तेव्हा इंटरला, आज ऋचा आहे तेवढीच. गणितात तेज. आमच्या गल्लीच्या टोकाला विमला टीचर ट्यूशन घ्यायच्या. तेलुगू घरातल्या, पंचवीस-सव्वीसच्या, बारीक बांध्याच्या, आवाज त्याहून बारीक. पुढच्या खोलीत सतरंजीवर आठ-नऊ पोरं. त्यांची एक पद्धत होती. परीक्षा घ्यायची तर फळ्यावर प्रश्न लिहायच्या नाहीत. शेजारच्याचं बघून कोणी लिहू नये म्हणून प्रत्येकाच्या वहीत स्वतःच्या हाताने प्रश्न लिहायच्या, प्रत्येकाला आकडा वेगळा. आणि शाई हिरवी. लाल बघून पोरं घाबरतात म्हणायच्या. सुलभावर त्यांचा फार जीव. तिला फळ्याशी उभं करून बाकीच्यांना शिकवायला लावायच्या. ‘अंकल, ही इंजिनियर होणार,’ असं मला दोनदा बोलल्या होत्या. मला काय वाटलं असेल? माझी पोरगी इंजिनियर, म्हणजे त्या डिप्लोमावाल्यांची बाप.

एक दिवस पोरगी घरी अभ्यास करत होती. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, साइन. मी कॉलर ताठ केली. साइन? अगं, मला विचार! तिने काही आकडे विचारले, मी तक्त्यातले घडाघडा सांगितले. चाराची साइन? शून्य पूर्णांक, शून्य सहा नऊ आठ. प्लस का मायनस, नाना? अगं प्लसच, मायनस ठोकळा कुठे असतो? ती हसली. तिने माझं ऐकलं. बापाचं ऐकलं.

टीचरने तिच्या वहीत नेमका चार घातला. ‘साइन ४ चं चिन्ह काय?’ सुलभाने प्लस लिहिलं. हिरवी फुली मिळाली. एक मार्क गेला, दुसरं काही नाही. घरी येऊन पोरगी एवढंच बोलली, ‘नाना, तुम्ही सांगितलेलं चुकलं.’

एवढंच. रडली नाही, रागावली नाही. पण ते ‘चुकलं’ मला पायातल्या काट्यासारखं बोचलं. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये जे कोणी बोललं नाही ते माझी पोरगी बोलते? मी वही उचलली, चपला घातल्या, गुरुवारची संध्याकाळ होती, ट्यूशन भरलेली, आणि थेट टीचरच्या दारात. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. तुमच्या जन्माआधीपासून मी कोन कापतोय, हे बोललो. पोरांना चुकीचं शिकवता, हेही बोललो. पोरं वह्या मिटून बघत होती.

टीचर उठल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘कूर्चोंडी अंकल.’ बसा, अंकल. ‘मीकु अर्थम् कालेदु. मी समजावते.’ म्हणजे तुम्हाला कळलं नाही.

माझ्यासाठी जागा केली त्यांनी. सतरंजीवर. पोरांमध्ये. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

आणि उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलंही. आकड्यावर अंशाची खूण असेल तर अंश. खूण नसेल तर तो रेडियन. चाकाच्या मध्यापासून काठापर्यंत जेवढं अंतर, तेवढा दोरा काठावर वळवून लावला की जो कोन होतो, तो एक रेडियन. चार म्हणजे असे चार दोरे. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण ऐकलं होतं. कान काय बंद करता येतात? म्हणालो, येत्या रविवारी सकाळी सगळ्यांचे आई-बाप बोलवा, सगळ्यांसमोर बघू कोणाला कळलं आणि कोणाला नाही. त्या म्हणाल्या, ‘सरे अंकल.’ बरं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवला. शॉपच्या कोपऱ्यात एक मोठी गोल तबकडी पडली होती, मधोमध आडवी रेघ ओढलेली. आजूबाजूला कोणी नाही बघून खिशातला दोरा काढला. मध्यापासून काठापर्यंत मापला, कापला. रेघेच्या उजव्या टोकापासून काठावर लावत गेलो. एक दोरा, वर चढला. दुसरा, माथा ओलांडून पलीकडे. तिसरा खाली खाली येत आला, रेघेच्या डाव्या टोकाला बोटभर कमी पडला. मी थांबलो. मला तिथेच कळलं होतं. तरी चौथा लावला. तो रेघ ओलांडून सरळ खाली उतरला.

रेघेच्या वर जाल तर उंची, ती प्लस. रेघेच्या खाली उतराल तर खोली, ती मायनस. अंशातले चार म्हणजे रेघेपासून जरासं वर, मुंगी चढेल एवढं. दोऱ्याचे चार म्हणजे अर्धं चाक फिरून खाली. एकच आकडा, एक टोपीवाला, एक बोडका, आणि दोघे चाकाच्या दोन अंगांना. सांगू? सुंदर होतं ते. एवढी वर्षं चाकं कापली आणि चाकाचा हा हिशेब मला कोणी दाखवला नव्हता. त्या बारीक आवाजाच्या बाईने दोन वाक्यांत दाखवला होता. तिला ‘हौ, तुम्ही बरोबर’ म्हणायला मला किती शब्द लागले असते? तीन?

तुम्ही म्हणाल, मग म्हणायचं होतं. मला माहीत आहे! मला शिकवू नका! हेच तीन शब्द मी तीस वर्षं चावतोय.

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. मी आबिड्सला गेलो. आमच्या गल्लीत वह्या-पेनांची दोन दुकानं आहेत, तिथे गेलो नाही, कारण दुकानदार ओळखायचे. हे नीट बघा. रागाच्या भरात माणूस काहीतरी करून बसतो, तसलं हे नव्हे. बस पकडून गेलो, अनोळखी दुकान बघितलं, हिरवं पेन मागितलं, कागदावर ओढून शाई तीच आहे का बघितलं. दुकानदाराने विचारलं, ‘ऑफिसर है क्या साब?’ हिरव्या शाईने मोठे साहेब सही करतात म्हणून. मी म्हणालो, हौ.

घरी आलो. बायको बाजारात, सुलभा मैत्रिणीकडे. दप्तरातून वही काढली. तिच्या नावाच्या वहीत, टीचरच्या अक्षरातल्या त्या चाराच्या डोक्यावर, उजवीकडे, मी एक गोल काढला. छोटा. पेन मूसी नदीच्या पुलावरून खाली टाकलं. अंगठ्याला हिरवा डाग लागला होता, तो रॉकेलने घासला. पुरता गेला नाही.

मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं. हा अर्थ मला काय तेव्हा माहीत नव्हता? आमच्या शॉपमध्ये त्यावर रोज विनोद व्हायचे. माहीत असून घातली.

रविवारी सकाळी सात-आठ आई-बाप आले, सोबत पोरंही, सुलभा माझ्या शेजारी. खुर्च्या कमी पडल्या, कोणी खिडकीच्या कठड्यावर टेकलं. टीचरने फळ्यावर मोठं चाक काढून ठेवलं होतं, सुतळीचे तुकडेही कापून ठेवले होते. सगळ्यांना समजावं म्हणून. मी त्या सुतळीला हात लावू दिला नाही. उभा राहिलो आणि वही उघडून धरली. म्हणालो, रेडियन-बिडियन आम्हाला ठाऊक आहे, टीचर. पण तुम्ही खूण घातली आहे. ही बघा. खूण घातली तर अंश, तुम्हीच बोललात. अंश तर प्लस. मग फुली कशाची?

वही हातोहात फिरली. लोक माना डोलवू लागले. ‘हाँ, है तो सही,’ कोणीतरी बोललं. शेवटी टीचरच्या हातात गेली.

त्यांनी बघितलं. फार वेळ बघितलं. आणि मग वर बघितलं. माझ्याकडे नाही. सुलभाकडे.

त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, असं मी तुम्हाला सांगणार होतो. वाक्य तयार होतं. पण खोटं आहे ते. कळला होता. टीचरला कळलं होतं की तो गोल त्यांचा नाही. आणि तो काढायला ज्या हातात वही होती तोच हात असणार, असं त्यांनी धरलं. चौथी शिकलेला म्हातारा असलं करेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. म्हातारा कसला, पंचेचाळीशीचा होतो. मला त्यांनी प्रामाणिक धरलं. भांडकुदळ, पण प्रामाणिक.

सुलभाने वहीत बघितलं. मग माझ्या अंगठ्याकडे. मी मूठ मिटली.

टीचर वळून सगळ्यांना म्हणाल्या, चूक माझी. खूण माझ्याकडूनच पडली असेल. मार्क देते. आणि हिरव्या पेनाने फुली खोडून त्यांनी बरोबरची खूण केली. मग फळ्यावरचं चाक पुसलं. मला म्हणाल्या, ‘सॉरी अंकल.’

माझी पाठ थोपटली लोकांनी. घरी येताना मी काय केलं असेल? जिलेबी घेतली. हौ, जिलेबी! पोरीला म्हणालो, खा, बापाने मार्क आणून दिला. तिने एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं.

त्यानंतर टीचरने तिला काढलं नाही, टाकून बोलल्या नाहीत. फक्त फळ्याशी बोलवायचं बंद केलं. परीक्षेच्या दिवशी तिला भिंतीकडे, वेगळं बसवू लागल्या. सुलभाने हे घरी सांगितलं नाही. शेजारच्या पोरीने सांगितलं, आणि मी ऐकून पेपर वाचत बसलो. इंटर कशीबशी पास झाली. मग म्हणाली, ‘नाना, मला गणित नको. कॉमर्स घेते.’ मी कारण विचारलं नाही. ज्याला कारण ठाऊक असतं तो विचारत नाही. सोयऱ्याधायऱ्यांत मात्र सांगत फिरलो, पोरीच्या डोक्यात गणित बसत नाही, काय करणार, बायकांची जात. लग्नाच्या बैठकीत बोललो. तिच्यासमोर बोललो. ती पाणी वाढत होती.

आज ती एका कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनचे कागद तपासते. कोणी दाखल्यावर खाडाखोड केली, आकडा वाढवला, हे तिला लांबून दिसतं म्हणतात. तिथले लोक मला कौतुकाने सांगतात, ‘अंकल, मॅडमच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.’ मी म्हणतो, हौ, माझीच पोरगी आहे.

इथवर सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणाला असता, जाऊ द्या, तरुणपणी माणसाच्या अंगात मस्ती असते, एवढी वर्षं मनाला खाल्लं ना, पुष्कळ झालं. पण मी हे लिहायला बसलो ते त्या टोपीसाठी नाही. त्या टोपीचं ओझं घेऊन मी मजेत जगलो. खोटं कशाला बोलू. जेवलो, झोपलो, नात खेळवली. मी बसलो ते मागच्या महिन्यासाठी, आणि राग आहे तो त्याच महिन्यातल्या माझ्यावर.

मेथीच्या त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, हिमायतनगरला. एकटाच गेलो. सुलभा येते म्हणाली होती, मी नक्को म्हणालो. बाकांवर गर्दी. भिंतीशी टेकून उभा होतो, तेवढ्यात एका बाईने पिशवी मांडीवर घेऊन जागा केली. ‘कूर्चोंडी, अंकल.’

आवाजावरून ओळखलं. तोच, बारीक. केस पांढरे, जाड चष्मा. त्यांनीही ओळखलं मला. मी बसलो. या वेळी बसलो.

बोलायला लागल्या, तेलुगूतच. मी मराठीत लिहितो. कुठे शिकवलं, नवरा कधी गेला, गुडघे कसे दुखतात. मग मांडीवरची पिशवी सरळ केली. आणि म्हणाल्या, अंकल, तुमची सुलभा कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे. त्या म्हणाल्या, एक गोष्ट मनात राहून गेली आहे. तो गोल मी काढला नव्हता. माझा गोल कधी पुरा मिटत नाही, वर फट राहते, आई चिडवायची मला. आणि वहीतला गोल अगदी गोल होता, कंपासने काढावा तसा. मी सगळ्यांसमोर बोलले असते तर पोरीचं नाव खराब झालं असतं, म्हणून अंगावर घेतलं. पण मग मीही लहानच होते. मला तिच्याशी पहिल्यासारखं वागता आलं नाही. एवढी हुशार पोर, एका मार्कासाठी असं का केलं असेल, हे मला आजवर कळलं नाही. तिला सांगा, टीचरच्या मनात काही नाही. टीचरने केव्हाच माफ केलं.

अगदी गोल. कंपासने काढावा तसा. एवढी वर्षं लोखंड गोल करणाऱ्या हाताने काढलेला.

आता बोला! समोर बाई बसलेली, मला तेलुगू येतं, बोलायला तोंड आहे. माझ्या पोरीला सगळं ठाऊक असून ती गप्प राहिली, हे मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलेलं. आता लपवायचं कोणापासून? अब्रू कसली? सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची? ‘आ सुन्ना नेने पेट्टिना.’ तो गोल मीच काढला. चार शब्द. जिभेवर आले होते, शपथेवर सांगतो —

शपथ राहू द्या. माझ्या शपथेला काय किंमत.

मी मान हलवली. हळू, समजूतदार माणसासारखी. आणि म्हणालो, ‘चिन्न पिल्ल कदा, टीचर.’

लहान होती ना, टीचर.

असं म्हणालो मी. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ह्याच हातावर. तेवढ्यात नर्सने माझं नाव पुकारलं आणि मी उठलो.

पहिली टोपी मी चाराला घातली. ही माझ्या पोरीला घातली, सगळं ठाऊक असताना. पहिल्या वेळी निदान रागात होतो. या वेळी राग नव्हता, घाई नव्हती, कोणी हसलं नव्हतं. बाईने जागा केली होती आणि मी आरामात बसलो होतो.

घरी आलो. सुलभाने विचारलं, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ मी म्हणालो, मोतीबिंदू पिकलाय. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्यासाठी एक माफी घेऊन आलो होतो, जी तिला लागत नव्हती. ती तशीच खिशात आहे.

तो गोल मी काढला. आबिड्सहून आणलेल्या हिरव्या पेनाने, शनिवारी दुपारी, घरात कोणी नसताना. सुलभाने काढला नाही. तिने त्या दिवशी प्लस लिहिलं, तेही मी सांगितलं म्हणून. तिच्या डोक्यात गणित बसत होतं.

हे मी मराठीत लिहिलं आहे. या घरात नीट मराठी वाचणारी एकच आहे, तिला सगळं आधीच ठाऊक आहे. विमला टीचरना मराठी वाचता येत नाही. कागद समोर घेतला तेव्हाच हे मला माहीत होतं.